बेसिकमधील रिअल-टाइम खेळ : वाट न पाहणाऱ्या प्रोग्रामचा इतिहास

संगणकावरील खेळांचे, त्यांत काळ कसा चालतो या दृष्टीने पाहिल्यास, दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील खेळात खेळाडू आपली चाल सांगेपर्यंत संगणक थांबून राहतो. दुसऱ्या वर्गातील खेळात तो थांबत नाही, आणि खेळाडूने कळ दाबली किंवा न दाबली तरी पडद्यावरचे यान खाली येत राहते, चेंडू उसळत राहतो आणि वेळीच हात हलला नाही तर डाव संपतो. या दुसऱ्या वर्गाला रिअल-टाइम खेळ म्हणतात, कारण खेळातला काळ आणि खेळाडूच्या मनगटावरील घड्याळातला काळ तिथे एकाच गतीने जातो. बुद्धिबळ आणि खो-खो यांच्यात जो फरक आहे, तोच या दोन वर्गांमध्ये आहे. नवशिक्यांसाठी मुद्दाम घडवलेली बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा १९६४ मध्ये अस्तित्वात आली तेव्हा तिच्यात रिअल-टाइम खेळ लिहिणे शक्यच नव्हते. पुढे अठरा वर्षांच्या आत मात्र असा खेळ हा ब्रिटन-अमेरिकेतील असंख्य शाळकरी मुलांनी स्वतः लिहिलेला पहिला मोठा प्रोग्राम ठरला. हा बदल रंगीत पडद्यांमुळे आणि संगणकाच्या वाढत्या वेगामुळे घडला, असे सामान्यतः मानले जाते. त्या दोहोंचा वाटा नाकारता येत नाही, परंतु बदलाचे खरे मूळ एका लहानशा सोयीत आहे, आणि ती सोय म्हणजे कळफलकाकडे नजर टाकून, तिथे काही घडलेले नसल्यास पुढच्या कामाला लागण्याची प्रोग्रामला मिळालेली मुभा.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोवर येथील डार्टमथ कॉलेजात गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी बेसिकची आखणी केली, आणि १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास त्या भाषेतले पहिले प्रोग्राम चालले. विज्ञानशाखेत नसलेल्या विद्यार्थ्यालाही संगणक हाताळता यावा हा त्यांचा हेतू होता, आणि त्यासाठी भाषेइतकेच महत्त्व त्यांनी टाइम-शेअरिंग या व्यवस्थेला दिले होते. टाइम-शेअरिंग म्हणजे एका मोठ्या संगणकाने आपला वेळ अनेक वापरकर्त्यांमध्ये इतक्या झपाट्याने वाटून द्यायचा, की प्रत्येकाला तो केवळ आपल्यासाठीच राबत आहे असे वाटावे. डार्टमथमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा जीई-२२५ हा संगणक गणिते करी आणि त्याला जोडलेले डेटानेट-३० हे यंत्र विद्यार्थ्यांच्या टेलिटाइपांवरून येणारा मजकूर गोळा करून त्याच्या स्वाधीन करी. टेलिटाइप म्हणजे तारेवरून जोडलेला, कळफलक आणि कागदाची गुंडाळी असलेला टंकलेखक. तो सेकंदाला दहा अक्षरे छापत असल्यामुळे ७२ अक्षरांची एक भरलेली ओळ कागदावर उमटायला सात सेकंदांहून अधिक वेळ लागे, आणि एकदा छापलेले अक्षर पुसण्याचा प्रश्नच नव्हता.

बेसिकच्या पहिल्या आवृत्तीत तर प्रोग्राम चालू असताना माणसाला काही विचारण्याचीही सोय नव्हती, कारण लागणारी सगळी माहिती 'डेटा' या आज्ञेने प्रोग्रामच्या पोटातच आधी लिहून ठेवावी लागे. 'इनपुट' ही आज्ञा १९६६ च्या आवृत्तीत आली. ती आली की प्रोग्राम कागदावर प्रश्नचिन्ह छापतो, जागच्या जागी थांबतो, आणि माणसाने उत्तर टंकून 'रिटर्न'ची कळ दाबल्यावरच पुढची ओळ पाहतो. पुढे हे थांबणे बेसिकची उणीव म्हणून दाखवले जाऊ लागले, पण मुळात ते काटकसरीच्या दृष्टीने योग्यच होते, कारण एक विद्यार्थी विचार करत बसला असताना तेवढ्या वेळात यंत्र इतरांची कामे उरकून घेऊ शकत असे. विद्यार्थ्याने अजून कळ दाबली का हे सेकंदाला दहा वेळा पाहणारा प्रोग्राम अशा सामाईक यंत्रावर चालवणे म्हणजे सर्वांच्या वाट्याचा वेळ एकाने खाऊन टाकणे होय. शिवाय टेलिटाइपवरून पूर्ण ओळ तयार झाल्यावरच ती प्रोग्रामकडे जाई. एकेक कळ तिथपर्यंत पोचतच नसे.

रिअल-टाइम खेळाची कल्पना त्या काळी अज्ञात होती असे मात्र नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला होता आणि त्यात दोन याने ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात फिरत एकमेकांवर मारा करत. परंतु तो यंत्राच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत लिहिलेला होता, त्याला ऑसिलोस्कोपसारखा पडदा लागत होता, आणि मुख्य म्हणजे सुमारे सव्वा लाख डॉलर किमतीचा अख्खा संगणक त्या वेळी दोन खेळाडूंच्या ताब्यात द्यावा लागत होता. ज्याच्याकडे संपूर्ण यंत्र होते त्याला रिअल-टाइम खेळ शक्य होता. ज्याच्या वाट्याला यंत्राचा तुकडा आला होता, त्याला तो शक्य नव्हता.

चंद्रावर उतरण्याच्या खेळाच्या प्रवासात हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. अपोलो-११ च्या मोहिमेनंतर काही महिन्यांतच, १९६९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टनच्या माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने पीडीपी-८ या संगणकावर फोकल नावाच्या भाषेत हा खेळ लिहिला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या शिक्षण विभागात काम करणाऱ्या डेव्हिड आल यांनी तो बेसिकमध्ये आणला. खेळाच्या आरंभी यान चंद्रापासून १२० मैलांवर असते, ताशी ३,६०० मैल वेगाने खाली येत असते आणि त्यात १६,५०० पौंड इंधन असते. दर दहा सेकंदांनी खेळाडूने सेकंदाला किती पौंड इंधन जाळायचे तो आकडा, शून्य ते २०० यांच्या दरम्यान, द्यायचा, आणि संगणकाने त्यावरून नवी उंची, नवा वेग आणि उरलेले इंधन छापायचे. खेळातले गणित अस्सल होते, कारण इंधन जळेल तसे यानाचे वजन घटते आणि तितक्याच जोराचा परिणाम वाढतो, याचाही हिशेब त्यात होता. केवळ काळ खोटा होता. यान कोसळायला खेळातली १२० सेकंदे पुरत असली, तरी खेळाडू कागदावर आकडेमोड करत तासभर बसला तर यान तासभर अवकाशात लटकून राही. वैमानिकाची कसोटी लावणारा प्रसंग अशा रीतीने गणिताच्या वहीतला प्रश्न बनला, आणि अनेक विद्यार्थ्यांना तो तसाच आवडला हेही खरे आहे. हाच खेळ १९७३ मध्ये जॅक बर्नेस यांनी त्याच कंपनीच्या जीटी-४० या चित्रे दाखवणाऱ्या टर्मिनलवर रिअल-टाइम स्वरूपात उभा केला आणि १९७९ मध्ये अटारी कंपनीने तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रात आणला. पण ही दोन्ही रूपे बेसिकबाहेरची होती आणि नवशिक्याला ती लिहिता येण्यासारखी नव्हती.

आल यांनी १९७३ मध्ये बेसिकमधील १०१ खेळांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि १९७८ मध्ये छोट्या संगणकांसाठी काढलेल्या त्याच्या सुधारित आवृत्तीचा खप पुढे दहा लाखांवर गेला. संगणकविषयक पुस्तकाने हा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. या संग्रहातील जवळजवळ सर्व खेळ थांबून वाट पाहणारे आहेत. माइक मेफील्ड यांनी १९७१ मध्ये लिहिलेला आणि अनेकांनी वाढवलेला 'स्टार ट्रेक' हा त्यांतला सर्वांत गाजलेला खेळ घेतला तरी त्यातले शत्रूचे जहाज खेळाडूची आज्ञा येईपर्यंत मुकाट्याने उभे राहते. एका संपूर्ण पिढीने खेळ म्हणजे प्रश्न आणि उत्तर अशीच समजूत करून घेतली, तिला या संग्रहाचाही हातभार लागला.

१९७५ नंतर सुटे, स्वस्त संगणक आले आणि १९७७ मध्ये ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन तयार यंत्रे बाजारात आली. यंत्र आता एकाच माणसाचे झाले होते, त्यामुळे त्याचा वेळ वाचवण्याची गरज संपली. कागदाऐवजी पडदा आला, त्यामुळे अक्षर पुसून दुसरीकडे लिहिता येऊ लागले. तरीही 'इनपुट' तसेच थांबत असल्यामुळे नव्या आज्ञेवाचून रिअल-टाइम खेळ शक्य झाला नसता. पेटच्या बेसिकमध्ये ती 'गेट' या नावाने आली आणि टीआरएस-८० च्या १९७८ मधील लेव्हल-२ बेसिकमध्ये 'इनकी' या नावाने. दोन्हींचे काम एकच होते : या क्षणी कळ आलेली असेल तर तिचे अक्षर द्यायचे, नसेल तर रिकामे उत्तर द्यायचे आणि कोणत्याही परिस्थितीत थांबायचे नाही. ॲपल-२ च्या बेसिकमध्ये अशी वेगळी आज्ञा नव्हती. तिथे कळफलकासाठी 'पीक' वापरावे लागे. 'पीक' म्हणजे मेमरीतील दिलेल्या क्रमांकाच्या खणात कोणता आकडा आहे तो वाचणे, आणि 'पोक' म्हणजे त्या खणात आपला आकडा घालणे. याच ॲपल-२ चे रचनाकार स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी अटारीसाठी 'ब्रेकआउट' या खेळाचे सर्किट आधी तयार केले होते. विटांची भिंत चेंडूने फोडण्याचा तो खेळ केवळ सॉफ्टवेअरने उभा करता यावा म्हणून त्यांनी आपल्या बेसिकमध्ये रंग, ठिपके व रेषा काढण्याच्या आज्ञा आणि हातातल्या फिरत्या खुंटीची स्थिती वाचण्याची सोय घातली. एका खेळासाठी भाषेची रचना बदलली गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही.

या आज्ञांमुळे जो प्रोग्राम शक्य झाला त्याचा सांगाडा नवशिक्यालाही सहज उमगण्याजोगा आहे. एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा ओळींचा गट, अखंड फिरत राहतो. प्रत्येक फेरीत तो कळफलक पाहतो, प्रत्येक वस्तूची जागा थोडीशी बदलतो, टक्कर झाली का हे तपासतो आणि नवे चित्र काढून पुन्हा आरंभी जातो. आजच्या भल्यामोठ्या खेळांच्या मुळाशीही हाच लूप आहे. त्याची सर्वांत काटकसरी घडण ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीच्या यंत्रांवर पाहायला मिळते, आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे.

सिंक्लेअरचा झेडएक्स-८० हा संगणक १९८० मध्ये, तयार स्थितीत शंभर पौंडांहून किंचित कमी किमतीत, विक्रीस आला. खर्च वाचवण्यासाठी त्यात पडद्यावरचे चित्र उभे करण्याचे काम मुख्य प्रोसेसरवरच टाकलेले होते, त्यामुळे प्रोग्राम चालू झाला की चित्र नाहीसे होई आणि हलते चित्र दाखवणारा खेळ बेसिकमधून लिहिणे जवळजवळ अशक्य होई. १९८१ च्या मार्चमध्ये आलेल्या झेडएक्स-८१ मध्ये 'स्लो' आणि 'फास्ट' असे दोन मार्ग देण्यात आले. 'फास्ट'मध्ये हिशेब भराभर होत पण पडदा कोरा राही; 'स्लो'मध्ये प्रोसेसर आपला बहुतेक वेळ पडद्यासाठी खर्च करी आणि उरलेल्या फटींमध्ये प्रोग्राम चालवी, त्यामुळे गती सुमारे पावपट होई पण चित्र टिके. सत्तर पौंडांना मिणमिणते पण स्थिर चित्र मिळू लागले, आणि त्या मंद 'स्लो' मार्गावरच हजारो मुलांचे पहिले रिअल-टाइम खेळ उभे राहिले. या यंत्राची मूळ मेमरी १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट, इतकीच होती, आणि पडदा पूर्ण भरला तर त्यातले ७९३ बाइट एकट्या पडद्यालाच लागत.

एवढ्या जागेत बसणारा अशनींचा एक खेळ दहा ओळींत होतो. पहिल्या दोन ओळींत यानाचा स्तंभ आणि गुण यांसाठी दोन चले, म्हणजे किंमत साठवणारी नावे, ठरवली जातात. तिसरी ओळ पडद्याच्या तळाशी, यादृच्छिक निवडलेल्या स्तंभात, अशनी म्हणून एक तारकाचिन्ह छापते. चौथ्या ओळीतील 'स्क्रोल' ही आज्ञा सगळा पडदा एक ओळ वर सरकवते. यान सर्वांत वरच्या ओळीत ठेवलेले असते, आणि इथेच या रचनेची सारी चतुराई आहे : 'स्क्रोल' होताच वरची ओळ पडद्याबाहेर जाते, तिच्याबरोबर जुने यानही पुसले जाते आणि त्यासाठी एकही वेगळी आज्ञा खर्च होत नाही. पाचवी ओळ छपाईची जागा यानाच्या स्तंभावर नेऊन ठेवते, पण छापत काहीच नाही. सहावी ओळ 'पीक'च्या साहाय्याने मेमरीतील १६३९८ आणि १६३९९ या दोन खणांमधून त्या जागेचा पत्ता काढते आणि तिथे आधीच तारकाचिन्ह बसले आहे का ते पाहते. बसले असेल तर टक्कर झाली आणि प्रोग्राम थांबतो. टक्कर नसेल तर सातवी ओळ यान छापते, आठवी कळफलक पाहून स्तंभ बदलते, नववी गुण वाढवते आणि दहावी पुन्हा तिसऱ्या ओळीकडे पाठवते. यानाच्या हालचाली, टक्कर आणि पडद्याचे व्यवस्थापन या तिन्ही गोष्टी इतक्या थोड्या ओळींत एकमेकींत गुंफलेल्या आहेत, की नवशिक्याने एक ओळ मागेपुढे केली तर काय बिघडते हे त्याला ताबडतोब पडद्यावर दिसते. खेळ लिहिताना शिकण्याची ही रीत पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा अधिक परिणामकारक होती, असे म्हणण्यास जागा आहे.

आठवी ओळ तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सिंक्लेअरच्या बेसिकमध्ये एखादे विधान खरे असले तर त्याची किंमत १ आणि खोटे असले तर ० धरली जाते; म्हणून नव्या स्तंभासाठी जुन्या स्तंभात 'कळ ८ आहे' या विधानाची किंमत मिळवायची आणि 'कळ ५ आहे' याची वजा करायची, की उजवीकडे, डावीकडे आणि स्थिर या तिन्ही शक्यता एका ओळीत मावतात. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये मात्र खऱ्या विधानाची किंमत उणे १ असते, त्यामुळे हीच युक्ती तशीच कमोडोर किंवा टीआरएस-८० वर उतरवली तर यान विरुद्ध दिशेला धावे आणि टंकणाऱ्याला आपली चूक कुठे झाली हे कळत नसे. जागा वाचवण्याच्या कसरती याहून पुढे गेल्या होत्या. झेडएक्स-८१ मध्ये प्रोग्राममध्ये लिहिलेला प्रत्येक आकडा, त्याच्या अंकांखेरीज आणखी ६ बाइट घेई. पण आज्ञेचे नाव फक्त एका बाइटात मावत असे. म्हणून जाणकार मंडळी शून्याऐवजी 'नॉट पाय' आणि एकाऐवजी 'एसजीएन पाय' असे लिहीत, म्हणजे पाय या संख्येचे नाकारलेले रूप शून्य आणि तिचे चिन्ह एक, आणि अशा प्रत्येक ठिकाणी ५ बाइट वाचवत.

कळ वाचण्याच्या बाबतीतही यंत्रायंत्रांत फरक होता आणि तो बोटांना जाणवे. सिंक्लेअरचे 'इनकी' त्या क्षणी दाबून धरलेली कळ सांगे, म्हणून बोट उचलताच यान थांबे. १९८२ च्या कमोडोर-६४ मधील 'गेट' मात्र दहा कळांच्या रांगेतून एकेक कळ उचलत असे. खेळाडूने घाईत पाच वेळा कळ दाबली आणि लूप मंद असला, तर बोट उचलल्यावरही यान पुढे जात राही. यावर दोन उपाय रूढ झाले : प्रत्येक फेरीत १९८ या खणात शून्य घालून रांग रिकामी करायची, किंवा रांग सोडून १९७ या खणातून सध्या दाबलेली कळ थेट वाचायची. असे खणक्रमांक मुलांना पाठ असत.

बेसिकची मंद गती हा या सर्व लेखकांचा कायमचा शत्रू होता. छोट्या संगणकांवरील बेसिक इंटरप्रिटरने चाले, म्हणजे प्रत्येक ओळ ती चालताना, दर वेळी नव्याने, वाचून समजून घेतली जाई. 'गोटू' ही उडी मारण्याची आज्ञा आली की मागची ओळ शोधण्यासाठी इंटरप्रिटर प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून शोधत येई, म्हणून मुख्य लूप प्रोग्रामच्या आरंभी लिहायचा आणि सूचना, गुणपत्रक वगैरे शेवटी ढकलायचे, असा नियमच झाला. दहा-वीस वस्तू एकाच वेळी हलवणे बेसिकला झेपत नसे, म्हणून विकाऊ खेळ लवकरच यंत्रभाषेत लिहिले जाऊ लागले. बेसिकच्या इतिहासात ही गोष्ट पराभव म्हणून नोंदवण्याची प्रथा आहे, ती योग्य नाही. नवशिक्याला ज्या गोष्टी शिकायच्या होत्या त्या तो यंत्रभाषेकडे वळण्याआधीच शिकून झालेला असे.

काळ मोजण्याच्या प्रश्नाला सर्वांत नीट उत्तर मिळाले ते बीबीसी मायक्रो या संगणकावर. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी एकॉर्न कंपनीने तो १९८१ च्या अखेरीस बाजारात आणला आणि त्याचे बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिले. इतर यंत्रांवर खेळाची गती कमी करायची तर सहसा काहीही न करणारा रिकामा फॉर-नेक्स्ट लूप घालून वेळ घालवावा लागे, आणि पडद्यावर वस्तू वाढल्या की खेळ आणखी मंदावे. बीबीसी बेसिकमध्ये 'टाइम' हे चल सेकंदाचे शतांश मोजत राही. म्हणून फेरीच्या आरंभी वेळ टिपून ठेवायची, सगळी कामे उरकायची आणि ठरलेले पाच शतांश भरेपर्यंत थांबायचे, असे केले की काम कमी असो वा जास्त, प्रत्येक फेरी सारख्याच वेळात होई. शिवाय 'इनकी'ला ऋण संख्या दिली की एखादी ठरावीक कळ आत्ता दाबलेली आहे की नाही हे कळे, त्यामुळे दोन कळा एकाच वेळी दाबून वळत वळत मारा करणारा खेळ लिहिता येई. रिअल-टाइम या शब्दाला बेसिकमध्ये खरा अर्थ इथे आला, असे मानणे रास्त ठरेल.

भाषेइतकेच मोठे काम पुस्तकांनी आणि मासिकांनी केले. सिंक्लेअरच्या झेडएक्स-८१ ची पुस्तिका लिहिणारे स्टीव्हन व्हिकर्स, त्याच यंत्रावर अनेक पुस्तके काढणारे टिम हार्टनेल, आणि खेळांचे संपूर्ण प्रोग्राम छापणारी असंख्य मासिके यांच्यामुळे लिस्टिंग टंकणे हा मुलांचा नित्यक्रम झाला. लिस्टिंग म्हणजे प्रोग्रामचा छापील मजकूर; तो ओळीओळीने स्वतः टंकल्याशिवाय खेळ मिळत नसे. ब्रिटनमधील अझबोर्न या प्रकाशनसंस्थेने १९८२ पासून लहान मुलांसाठी चित्रमय पुस्तके काढली आणि त्यांत एकच लिस्टिंग देऊन, वेगवेगळ्या यंत्रांसाठी कोणती ओळ बदलायची हे खुणांनी दाखवले. टंकताना चूक होणे अटळ होते, आणि ती शोधताना मुले वाचायला शिकत. वरवर यांत्रिक दिसणाऱ्या या कामाला प्रोग्रामिंगच्या इतिहासात पुरेसे श्रेय मिळालेले नाही.

भारतात ही परंपरा शाळांमार्गे आली. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यासाठी बीबीसी मायक्रो हीच यंत्रे निवडली गेली आणि सुमारे अडीचशे शाळांपासून आरंभ झाला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम-प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती आणली. परंतु महाराष्ट्रासह देशातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची बेसिकशी भेट झाली ती त्यानंतर, १९९० च्या दशकात, शाळेच्या किंवा खासगी वर्गाच्या संगणककक्षातील पीसीवर आणि जीडब्ल्यू-बेसिकच्या रूपात. तिथे अभ्यासक्रमाचा भर व्याजाची गणिते, मूळसंख्या आणि गुणपत्रक छापणे यांवर राहिला, आणि 'इनपुट' शिकवले गेले तितक्या आस्थेने 'इनकी' शिकवले गेले नाही. ज्या एका आज्ञेने विद्यार्थ्याला आपल्या प्रोग्राममध्ये जीव आल्यासारखे वाटले असते, तीच बऱ्याचदा वगळली गेली, ही खेदाची गोष्ट आहे.

पीसीवरील बेसिकमध्ये रिअल-टाइम खेळ आरंभापासून होता. १९८१ मध्ये आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर 'डाँकी' हा खेळ उदाहरण म्हणून दिला गेला. बिल गेट्स आणि नील कॉन्झेन यांनी तो लिहिला होता, आणि त्यात रस्त्यावर येणारी गाढवे चुकवण्यासाठी स्पेसची कळ दाबून मोटार दुसऱ्या बाजूला न्यायची असे. एमएस-डॉस ५ बरोबर १९९१ मध्ये आलेल्या क्यूबेसिकमध्ये दोन खेळ होते. त्यांतला 'गोरिलाज' कोन आणि वेग विचारून थांबणारा, म्हणजे जुन्या डार्टमथ पद्धतीचा होता. 'निबल्स' हा अंक खाऊन लांब होत जाणाऱ्या सापाचा खेळ मात्र रिअल-टाइम होता आणि त्याच्या गाभ्यात तेच 'इनकी' होते. 'निबल्स'ची गती रिकाम्या लूपने ठरवलेली असल्यामुळे काही वर्षांत नवे प्रोसेसर आले, तेव्हा साप इतका वेगाने धावू लागला की खेळणे अवघड झाले; जी चूक बीबीसी मायक्रोने दहा वर्षांपूर्वी 'टाइम' वापरून दूर केली होती, ती इथे पुन्हा झालेली दिसते. तरीही 'निबल्स'चा संपूर्ण प्रोग्राम उघडून वाचता येत होता आणि त्यातला आकडा बदलून साप हळू करता येत होता, आणि कितीतरी विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये केलेला पहिला बदल तोच होता.

विंडोज-९५ आणि विंडोज-९८ च्या सीडीवर क्यूबेसिक एका बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवलेले होते, आणि पुढच्या आवृत्त्यांतून ते गेले. सोबत आलेली, सुरू करताच आज्ञा मागणारी भाषा नव्या संगणकावर मिळेनाशी झाली. अझबोर्नने मात्र १९८० च्या दशकातील आपली संगणकाची पुस्तके २०१६ मध्ये सर्वांना विनामूल्य उतरवून घेण्यासाठी खुली केली आहेत, आणि जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रामही मोफत मिळतात. या विषयात रस असलेल्या वाचकाने, आणि विशेषतः शाळेत संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी, त्या पुस्तकांतले एखादे लिस्टिंग एकदा स्वतःच्या हाताने टंकून पाहावे.